गुन्हा मोजायचा तर आधी प्रश्नावली उघडा

गेल्या ऑगस्टमध्ये एसटी स्टँडवर माझा फोन गेला. गेला म्हणजे मारला. पर्सची चेन उघडी. आत पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, औषधाची चिठ्ठी सगळं जागेवर, फोन तेवढा नाही. तासाभराने पोलीस ठाण्यात पोहोचले. ठाणे अंमलदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, काढताना कुणाला पाहिलंत का?" नाही. "मग चोरीच कशावरून? पडलाही असेल." पंधरा मिनिटांत हातात एक कागद आला. त्यावर लिहिलं होतं, मोबाइल गहाळ. नवं सिम घ्यायला तेवढा कागद पुरतो. मी दमले होते, शेवटची गाडी गाठायची होती. सही केली आणि निघाले.

दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितलंय. हे मला पाठ आहे. दर शनिवारी मी पत्रकारितेच्या मुलांना गुन्ह्यांचे आकडे कसे वाचायचे ते शिकवते, त्यात हा निकाल येतोच. तरी मी सही केली. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्यूरो, म्हणजे एनसीआरबी, या वर्षाचा अहवाल काढील तेव्हा त्यात मी कुठेच नसेन. माझी चोरी झालीच नाही; मी वेंधळी, एवढंच.

अशा न नोंदलेल्या गुन्ह्यांचा माग काढण्यासाठी जी सर्वेक्षणं होतात ती कशी वाचायची, ते इथे लिहितेय. पत्रकार, वकिलीचे विद्यार्थी, संस्थेत काम करणारे आणि बातमीतला आकडा पाहून 'हे खरं असेल?' असं मनात येणारे, सगळ्यांसाठी.

दोन वह्या

पोलिसांचा आकडा ही ठाण्याची वही, सर्वेक्षणाचा आकडा ही लोकांच्या आठवणीची वही, असं मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते. ठाण्याच्या वहीत जे लिहिलं गेलं तेवढंच येतं. दुसऱ्या वहीसाठी माणसं दारोदार जातात, नमुना म्हणून निवडलेल्या घरांत बसतात आणि विचारतात: गेल्या वर्षभरात तुमच्या घरातलं काही चोरीला गेलं का? कुणी मारहाण केली का? मग पोलिसांत गेलात का? नसाल तर का नाही?

अमेरिकेत असं राष्ट्रीय सर्वेक्षण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सलग चालू आहे. इंग्लंड आणि वेल्समधलं १९८२ साली सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव ब्रिटिश क्राइम सर्व्हे होतं. तिथे तर २०१४ मध्ये पोलिसांच्या नोंदींवरचा 'राष्ट्रीय आकडेवारी' हा अधिकृत शिक्का काढून घेतला गेला, कारण नोंदी पुरेशा विश्वासार्ह नाहीत असं ठरलं. सर्वेक्षणाचा शिक्का मात्र राहिला. आपल्याकडे एनसीआरबीचा 'क्राइम इन इंडिया' १९५३ पासून निघतो, पण दरवर्षी किंवा दर दोन वर्षांनी देशभर लोकांना विचारणारं सर्वेक्षण नाही. २०१५ मध्ये कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्हने दिल्ली आणि मुंबईत एक केलं, २०१७ मध्ये आयडीएफसी इन्स्टिट्यूटने चार महानगरांत केलं. त्यापलीकडे देशपातळीवर काही हवं असेल तर दुसऱ्याच कामासाठी केलेल्या सर्वेक्षणांतून वेचावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याच्या हिंसेवर एक वेगळा भाग असतो. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २००४-०५ आणि २०११-१२ या दोन्ही फेऱ्यांत चोरी, घरफोडी, हल्ला याबद्दल मोजके प्रश्न आहेत.

ठाण्याच्या वहीबद्दल एक इशारा. केरळचा गुन्हेदर देशात नेहमी वरच्या रांगेत दिसतो. म्हणून केरळ धोकादायक आहे असं लिहिणाऱ्या मुलाला मी परत बसवते. जिथे लोक तक्रार करायला कचरत नाहीत आणि ठाण्यात ती लिहून घेतली जाते, तिथे आकडा फुगतोच. नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले असं समजू नका, हे खुद्द एनसीआरबी आपल्या अहवालात बजावते. ते पान कुणी वाचत नाही. दुसरं असं की एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी एनसीआरबी त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजते. बाकीचे तीन हिशेबातून गळतात.

प्रश्न कसा विचारला, खोलीत कोण होतं

अहवालाचा सारांश उघडू नका. आधी प्रश्नावली उघडा. ती बहुतेक वेळा शेवटच्या परिशिष्टात असते आणि तिथपर्यंत पोहोचायला कंटाळा येतो, हे मला मान्य आहे. तरी उघडा. का, ते सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका मोठ्या आरोग्य सर्वेक्षणात पाच महिने फील्डवर होते. मराठवाड्यातलं एक घर, दुपारची वेळ. सून माझ्यासमोर चटईवर, सासू उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेली. लसीकरण, रेशन, शौचालय सगळं झालं. पुढचा भाग होता नवऱ्याच्या मारहाणीचा. प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं की तिसरं माणूस ऐकत असेल तर हा भाग सुरूच करायचा नाही, आणि मध्येच कुणी आलं तर झटकन मुलांच्या आजारपणाच्या प्रश्नांवर जायचं. सासू हलेना. मी वजनकाट्याचं निमित्त काढून सुनेला मागच्या गोठ्याकडे नेलं.

तिथे गेल्यावर मी एक चूक केली. छापील प्रश्न वाचायच्या आधी, ओळख वाढावी म्हणून, आपल्या मनाने विचारलं, "नवरा मारतो-बिरतो का गं?" ती म्हणाली, "न्हाई बाई, लई चांगला हाय." मग मी कागदावरचे प्रश्न वाचायला लागले. कधी ढकललं का, अंगावर काही फेकलं का? गप्प. थोबाडीत मारली का? गप्प. हात पिरगळला किंवा केस ओढले का? ती म्हणाली, "हां, तसं व्हतंय की. मागल्या आठवड्यात केस धरून भाईर काडलं." आणि लगेच, "पर मारत न्हाई."

त्या दिवसापासून मी कुठल्याही अहवालात आधी एवढंच शोधते: प्रश्नात कृतीचं नाव घेतलंय की गुन्ह्याचं? 'तुमच्यावर अत्याचार झाला का?' असं विचारलं तर एक आकडा येतो, 'केस ओढले का?' असं विचारलं तर दुसरा. चांगली सर्वेक्षणं कृती विचारतात. तिला कोणता गुन्हा म्हणायचं हे नंतर कार्यालयात ठरतं.

खोलीत कोण होतं हेही असंच. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका घरातून एकाच बाईला हे प्रश्न विचारतात, म्हणजे बाकीच्यांना विषय कळत नाही आणि तिला नंतर त्रास होत नाही. एकांत मिळाला नाही तर हा भाग सोडून देतात. बरोबरच आहे. पण याचा अर्थ असाही होतो की जिच्यावर चोवीस तास पहारा आहे, तीच हिशेबातून सुटण्याची शक्यता जास्त. इंग्लंडच्या सर्वेक्षणात घरगुती छळाचे प्रश्न वेगळ्या भागात येतात. उत्तर देणारी व्यक्ती ती स्वतः यंत्रावर नोंदवते, विचारणाऱ्याला त्याची स्क्रीन दिसत नाही. तोंडी विचारल्यावर येणाऱ्या आकड्यापेक्षा या पद्धतीने येणारा आकडा कितीतरी मोठा असतो.

छेदात काय आहे

मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने मथळा लिहून आणला: देशातल्या २९ टक्के बायका मार खातात, तक्रारी मात्र दीड लाखसुद्धा नाहीत. दोन्ही आकडे खरे. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि २०२२ मध्ये नवरा किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचे सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे नोंदले गेले.

पण ते शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत. मी त्याला फळ्यावर बोलावलं आणि एकेक विचारलं. २९ टक्क्यांचा काळ कोणता? 'आयुष्यात कधीही.' १ लाख ४० हजारांचा? एक वर्ष. पहिल्यात कोण? १८ ते ४९ च्याच. दुसऱ्यात? कोणत्याही वयाची. पहिल्यात कुणाची हिंसा? फक्त नवऱ्याची. दुसऱ्यात? सासू, दीर, नणंद, सगळे. पहिल्यात ढकलणंही आहे. दुसऱ्यात जे कलमात बसलं ते. पहिल्यात माणसं मोजलीत, दुसऱ्यात प्रकरणं. फळा भरला. मथळा पुसला.

त्याच अहवालात त्याला हवं ते वेगळ्या पानावर होतं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितली, आणि ७७ टक्के जणींनी मदत तर मागितली नाहीच, कुणाजवळ बोलल्याही नाहीत. हे दोन्ही आकडे एकाच सर्वेक्षणातले, एकाच छेदावरचे, म्हणजे त्याच बायकांपैकी काढलेले. ज्यांनी मदत मागितली त्यांतल्या बहुतेक माहेरच्यांकडे गेल्या. पोलिसांकडे गेलेल्या मोजक्या. बातमी इथे होती.

माणसं आणि प्रसंग यांचा फरक अमेरिकेच्या आकड्यांतही पक्का धरा. तिथे २०२३ मध्ये १२ वर्षं आणि त्यावरच्या दर हजार लोकांमागे हिंसक गुन्ह्याचे २२.५ प्रसंग निघाले. हजारातली साडेबावीस माणसं नव्हे. एकाच माणसावर तीनदा प्रसंग आला तर ते तीन. त्यांतले ४४.७ टक्के पोलिसांपर्यंत गेले. कॅल्क्युलेटरवर २२.५ गुणिले ०.४४७ केलं की साधारण १० येतात. म्हणजे हजारामागे दहा प्रसंग पोलिसांना कळले, साडेबारा कळलेच नाहीत. एवढा गुणाकार स्वतःच्या हाताने केला की टक्केवारी डोळ्यांसमोर उभी राहते.

पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गुन्ह्याचं काय? जिला दर शनिवारी मार बसतो ती 'किती वेळा?' याला काय उत्तर देणार? इंग्लंडमध्ये कितीतरी वर्षं नियम होता की एकाच माणसावर तशाच प्रकारचे कितीही प्रसंग आले तरी पाचपर्यंतच मोजायचे, नाहीतर थोड्या लोकांमुळे आकडा वरखाली उड्या मारतो. समाजशास्त्रज्ञ सिल्व्हिया वॉल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या पाचच्या मर्यादेमुळे बायकांवरची हिंसा प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी दिसते. पुढे ती मर्यादा बदलण्यात आली. म्हणून कमाल किती प्रसंग धरलेत, ते तळटीपेत शोधायचं.

उडी दिसली की थांबा

अमेरिकेत बलात्कार आणि लैंगिक हल्ल्यांपैकी पोलिसांना कळवलेल्यांचं प्रमाण २०२२ मध्ये सुमारे २१ टक्के होतं, २०२३ मध्ये ४६. एका वर्षात बायकांचा पोलिसांवरचा विश्वास दुप्पट झाला का? सर्वेक्षणात दीड लाखांच्या आसपास घरं असली तरी वर्षभरात लैंगिक हल्ला झाल्याचं सांगणारी माणसं त्यात फार थोडी सापडतात. त्या थोड्यांतले काही इकडचे तिकडे झाले की टक्केवारी हेलकावते. अशा वेळी आकड्याशेजारचा प्रमाण त्रुटीचा, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते सांगणारा, रकाना बघा आणि तीन-चार वर्षांची सरासरी काढा.

आपल्याकडचं उदाहरण कर्नाटकाचं. नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगणाऱ्या बायका कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत २०.६ टक्के, पाचव्या फेरीत ४४.४. महाराष्ट्रात त्याच काळात २१.३ वरून २५.२. कर्नाटकातले नवरे चार वर्षांत एवढे बिघडले असं मी तरी लिहिणार नाही. विचारणाऱ्या मुली बदलल्या असतील, प्रशिक्षण चांगलं झालं असेल, बायका मोकळेपणाने बोलल्या असतील. हिंसाही वाढली असेल. एका आकड्यावरून यातलं एक निवडता येत नाही. आणि हो, महाराष्ट्रातली पाचव्या फेरीची मुलाखत २०१९ च्या उत्तरार्धात झाली. म्हणून 'लॉकडाऊनमध्ये राज्यात घरगुती हिंसा वाढली' याचा पुरावा म्हणून हा आकडा देऊ नका. दरवर्षी कुणीतरी देतंच.

पोलिसांच्या आकड्यांत पुढची काही वर्षं आणखी एक खड्डा आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. हिसकावून नेणं हा आता वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४. पूर्वी तो चोरीत किंवा जबरी चोरीत मिसळलेला असे. '२०२५ मध्ये चोऱ्या घटल्या' असं दिसलं तर आधी ही सरकवासरकव तपासा.

आठवण

माझ्या आईची साखळी बाजारात ओढून नेली. कधी, असं विचारलं की ती म्हणते, मागच्या दिवाळीत. नव्या मंगळसूत्राची सराफाकडची पावती माझ्या फाइलमध्ये आहे. त्या गोष्टीला पाच दिवाळ्या होऊन गेल्या. ती खोटं बोलत नाही. जिव्हारी लागलेलं जवळ वाटतं, आणि सायकलचा दिवा चोरीला गेला तो महिनाभरात विसरला जातो. अमेरिकेत यावर उपाय म्हणून त्याच घरी दर सहा महिन्यांनी, असं सात वेळा जातात. मागच्या खेपेला काय सांगितलं ते हाताशी असल्यामुळे जुनी घटना पुन्हा मोजली जात नाही. दहा-दहा वर्षांनी एकदाच जाणाऱ्या सर्वेक्षणाला हे कुंपण घालता येत नाही. म्हणून 'गेल्या १२ महिन्यांत' असं लिहिलेलं दिसलं की माझ्या डोळ्यांसमोर आईची पावती येते.

न्यायाचा हिशेब

गुन्हा झाला, कुणाला सांगितलं, ठाण्यात गेले, नोंद झाली, आरोपपत्र गेलं, खटला चालला, शिक्षा झाली. पहिल्या तीन पायऱ्या फक्त सर्वेक्षणात सापडतात. पुढच्या एनसीआरबीत. मधली, 'ठाण्यात गेले आणि काय हातात पडलं', ही सर्वांत अंधारी. तिथेच माझा गहाळचा कागद आहे.

शिक्षेच्या प्रमाणाकडे जपून बघा. एनसीआरबीत ते नोंदलेल्या गुन्ह्यांवर काढत नाहीत. त्या वर्षी ज्या खटल्यांचा निकाल लागला त्यांच्यावर काढतात. मुलांना मी मनातले आकडे देते. समजा शंभर गुन्हे नोंदले, ऐंशींचं आरोपपत्र गेलं, वर्षात दहांचा निकाल लागला, चारांत शिक्षा झाली. प्रमाण येईल ४० टक्के. वर्तमानपत्र लिहील, चाळीस टक्के गुन्हेगारांना शिक्षा. आणि ज्या बाईचं प्रकरण उरलेल्या सत्तरांत आहे ती सकाळी हे वाचील.

सर्वेक्षणात 'पोलिसांत का गेला नाहीत?' याची उत्तरं असतात, तो तक्ता मला सगळ्यांत जास्त आवडतो. क्षुल्लक होतं. आमचं आम्ही मिटवलं. पोलिसांनी काही केलं नसतं. बदला घेतील अशी भीती. पहिलं उत्तर देणारा माणूस न्यायव्यवस्थेवर नाराज नाही, तिसरं देणारा आहे, आणि चौथ्याला संरक्षण हवंय. या सगळ्यांना 'तक्रार न करणारे' या एका पोत्यात भरलं की सगळं हातचं गेलं.

कोण सुटलं तेही लिहून ठेवा. खून सर्वेक्षणात येत नाही, उघड आहे. घरांची यादी करून निवड होते, त्यामुळे फुटपाथवर राहणारे, तुरुंगातले येत नाहीत. आपल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रश्न पन्नाशीपुढच्या बायकांना विचारतच नाहीत. वृद्धाश्रमाच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईला कोणता रकाना? इंग्लंडमध्येही २०१७ पर्यंत घरगुती छळाचे प्रश्न ५९ वर्षांपर्यंतच्याच लोकांना विचारत. ऑनलाइन फसवणूक तर तिथे २०१५ च्या ऑक्टोबरपर्यंत मोजतच नव्हते. मोजायला लागल्यावर सर्वेक्षणातले एकूण गुन्हे जवळजवळ दुप्पट झाले.

हे सगळं वाचून समजत नाही, करून समजतं. म्हणून घरचा अभ्यास: आपल्याच इमारतीत किंवा गल्लीत दहा दारं वाजवा, पाच प्रश्न विचारा, वहीत लिहा. नावं लिहू नका. मी स्वतः फोन गेल्यानंतरच्या रविवारी केलं. तळमजल्यावरच्या काकांना सकाळी विचारलं, वर्षभरात काही चोरीला गेलं का? ते म्हणाले, आपल्याकडे कोण चोरणार, आणि चहा पाजला. मी त्यांच्या ओळीत 'नाही' लिहिलं.

संध्याकाळी साडेसातला बेल वाजली. काका दारात, चप्पल न काढता.

"ताई, सकाळी तुम्ही चोरीचं विचारलंत. चोरी नाही झाली. पण ते वीज तोडणार म्हणून मेसेज आला होता ना फेब्रुवारीत, त्यात अठरा हजार गेले. हिला अजून माहीत नाही. ते यात धरायचं का?"

मी वही परत उघडली आणि पट्टी घेऊन सहावा रकाना आखला.